अर्ध्या गोळीचा रकाना

मोजण्यात मी कधी चुकत नाही, असा माझा लहानपणापासूनचा तोरा होता. वडील जळगावच्या एका डाळमिलमध्ये कामाला होते. घरात डाळ कायमचीच, त्यामुळे खडे वेचता वेचता माझी नजर बारीक झाली. बहीण चिडवायची, की ही स्वतःच्या लग्नात अक्षतासुद्धा मोजून वाटेल. मला ते चिडवणं आवडायचं. ज्या गोष्टीचा गर्व असतो, तिच्यावरून कुणी चिडवलं तर राग येत नाही.

डी. फार्म. झाल्यावर दोन वर्षं मी एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी होते. मग धुळ्याला सांध्यांच्या एका डॉक्टरांकडे काम मिळालं. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. संधिवातावर एक नवीन गोळी निघाली होती. ती बाजारात येण्याआधी माणसांवर तपासून बघायची होती, आणि त्या तपासणीचा एक भाग आमच्या डॉक्टरांकडे आला होता. मी मावशीकडे राहून ते काम करू लागले.

काम सांगायला सोपं होतं. निम्म्या रुग्णांना नवी गोळी द्यायची आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण आत नुसतं पीठ असलेली. कुणाच्या बाटलीत काय आहे ते रुग्णाला माहीत नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. प्रत्येक रुग्णाच्या नंबराचं एक बंद पाकीट कपाटात होतं. ते फक्त अडचणीच्या वेळी फोडायचं. रुग्ण बहुतेक बायकाच होत्या. मी दर पंधरा दिवसांनी गावोगाव जायची, प्रत्येकीला पस्तीस गोळ्यांची बाटली द्यायची आणि जुनी बाटली परत घेऊन उरलेल्या गोळ्या मोजायची. रोज दोन, म्हणजे पंधरा दिवसांत तीस. पाच उरल्या पाहिजेत. पाच उरल्या म्हणजे बाई गोळ्या नीट घेते आहे.

किती जणींच्या पाच उरत? बोटांवर मोजण्याइतक्या. कुणी बरं वाटलं की गोळी सोडायची, कुणी बाटली माहेरी विसरायची. एकीनं सगळ्या गोळ्या नवऱ्याच्या गुडघ्यांसाठी देऊन टाकल्या होत्या आणि वर मला बजावून सांगितलं, की त्याला मुळीच गुण आला नाही, तेव्हा तुमचं औषध खोटं आहे. डॉक्टर कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, "आकडे असे आले तर उद्या ही गोळी लाखो लोक कशाच्या भरवशावर घेणार?" माणूस सरळ होता. त्यांचं म्हणणं मला पटायचं.

सोनगीरला एसटीतून उतरून आत दोन कोस चाललं, की एक लहान गाव होतं. तिथल्या एका घरातल्या दोघी जावा आमच्या यादीत होत्या. थोरली पन्नाशीची, धाकटी पस्तिशीची. दोघींचीही बोटं सुजून आखडलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोघी ओट्यावर समोरासमोर बसल्या होत्या आणि मधल्या सुपात कुणीतरी आणून दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. थोरली एकेक शेंग उचलून वाटे घालत होती. "तुले एक, मले एक. तुले एक, मले एक." शेवटी एक शेंग उरली. ती तिनं फोडली, एक दाणा जावेच्या वाट्यात टाकला आणि एक आपल्या. त्या घरात बाहेरून काही आलं की ते असंच वाटलं जायचं, मग ती साखर असो, आंबे असोत की बांगड्या. एका चुलीवर दोघींची पंधरा वर्षं गेली होती, आणि भांडण झाल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. मला मोठं कौतुक वाटलं. माझ्यासारखंच हिचंही मोजण्यावर प्रेम आहे, असं मनात आलं.

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सही घेण्याआधी ते सांगायचा नियमच होता. थोरलीनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे एकीले खरी भेटी नि एकीले खोटी, आसं बी व्हई?"

"होऊ शकतं, अक्का. दोघींना खरीही मिळेल, दोघींना पिठाचीही. ते कुणालाच माहीत नाही."

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. धाकटी जरा हसली. मग दोघींनी अंगठे उठवले. त्या बघण्याचा अर्थ मी असा लावला, की त्यांना कळलं आणि त्या तयार आहेत. कळलं होतंच, पण माझ्या समजुतीपेक्षा निराळं.

दुसऱ्या खेपेला धाकटी मला हाताला धरून चुलीपाशी घेऊन गेली. परडीत भाकरी होत्या. "देख बाई, आज मी थाप्यात," ती म्हणाली. गेले दीड वर्ष तिला भाकरी थापता येत नव्हती. तिनं त्यातली एक भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर मला खायला लावली. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, अशी ती भाकरी होती. ती थापताना तिला किती आनंद झाला असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मलाही झाला.

खाऊन हात धुतले आणि गोळ्या मोजायला बसले. वर्तमानपत्रावर धाकटीची बाटली उपडी केली. साडेचार गोळ्या. थोरलीची उपडी केली. साडेचार गोळ्या.

अर्ध्या गोळ्या तुटलेल्या नव्हत्या, कापलेल्या होत्या, सुपारी कातरतात तशा. मी ते दोन तुकडे उचलले आणि एकमेकांना लावून बघितले. चिकटवल्यासारखे जुळले. एका बाटलीतल्या गोळीचा अर्धा भाग दुसऱ्या बाटलीत होता.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. डाळीतला खडा ओळखणारी नजर माझी. काय चाललंय ते मला पुरतं नसेल, पण निम्म्याहून जास्त कळलं होतं. पण मी विचारलं नाही. विचारलं तर ते लिहावं लागणार आणि लिहिलं तर दोघी यादीतून बाद होणार. नियम तसाच होता. बाकी गावांत सगळा सावळागोंधळ, आणि डॉक्टरांपुढे मान वर करून ठेवावेत असे आकडे याच दोघींचे निघाले होते. मागच्याच आठवड्यात डॉक्टर सगळ्यांदेखत मला म्हणाले होते, की मोजणी शिकावी तर हिच्याकडून.

तक्त्यात उरलेल्या गोळ्यांचा रकाना होता. अर्ध्या गोळीचा नव्हता. मी दोघींपुढे पाच-पाच लिहिलं आणि नव्या बाटल्या दिल्या.

तिसऱ्या खेपेला मोजणी बिनचूक पाच-पाच भरली. मला हायसं वाटलं.

चौथ्या खेपेला धाकटी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. उठली नाही. चेहरा उतरलेला, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. आठ दिवसांपासून अन्न नको वाटतंय, असं थोरली सांगत होती. कावीळ उतरवणाऱ्या एका बुवाकडे नेऊन आणलं होतं, गळ्यात त्यानं दिलेली मुळ्यांची माळ होती. मी नव्या बाटल्या पिशवीतून बाहेरच काढल्या नाहीत. उद्या धुळ्याला घेऊन या, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी आल्या. डॉक्टरांनी धाकटीला तपासलं, रक्त काढलं, आणि कपाटातून तिच्या नंबराचं पाकीट आणून माझ्यासमोर फोडलं. आतल्या चिठ्ठीवर तिला पिठाची गोळी असल्याचं लिहिलं होतं. डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. "मग ही आपल्या गोळीची कावीळ नाही," ते म्हणाले. "पाण्याची असेल. पावसाळा नुकताच संपलाय. सलाईन लावू, आणि बाटली देऊन टाका. नुसतं पीठच आहे, त्यानं काही बिघडत नाही. अभ्यास पुरा होईल."

कागदावर बघितलं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. तो कागद खोटा होता हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी "हो सर" म्हणाले. दोन बाटल्या घेऊन व्हरांड्यात गेले आणि थोरलीच्या हातात दिल्या. पाय त्या दिशेनं चालत होते, एवढं आठवतं.

बाकावर धाकटी आडवी झाली होती. थोरलीनं तिच्या पायथ्याशी बसून पदर पसरला, दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या, हातानं गोळ्या एकत्र मिसळल्या आणि एकेक उचलून बाटल्यांत टाकू लागली.

"तुले एक, मले एक. तुले एक, मले एक."

"अक्का!" मी जवळजवळ ओरडले. "हे काय करताय?"

तिनं मान वर केली. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. "आम्हले काय मालूम खरी कोन्ले शे? म्हनीसन पैल्ला दिनपासून वाटी लेतस. आमना घरमा एकीले बठ्ठं नि एकीले काहीच नही, आसं नही व्हस." मग तिला आणखी काही आठवलं. "मांगे एक चुलामा पडनी व्हती. मंग नऊ उरन्यात. एक आडकित्ताघाई फोडी."

गोळी चुलीत पडली, तर त्या दोघींनी तोटासुद्धा वाटून घेतला होता. मी तिच्या पदरातल्या गोळ्या ओरबाडून घेतल्या आणि आत धावले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. साडेचारचंही सांगितलं. त्यांनी थोरलीचं पाकीट फोडलं. तिच्या बाटलीत खरी गोळी होती. म्हणजे धाकटी पहिल्या दिवसापासून रोज सरासरी एक खरी गोळी घेत होती. तिला भाकरी थापता आली ती त्या गोळीनं, आणि कावीळ झाली तीही तिनंच. थोरलीनं तेवढीच घेतली होती, पण तिला काही झालं नाही. काहींच्या यकृताला ती गोळी सोसत नव्हती, आणि तेच तर आम्ही शोधायला निघालो होतो.

धाकटी बाराव्या दिवशी गेली. शेवटचे तीन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. दवाखान्यात थोरली तिचे पाय चोळत बसून असायची आणि मी जमेल तेवढा वेळ दाराशी उभी राहायची. आत जायचं धैर्य होत नव्हतं. माझी मलाच शरम वाटत होती.

अहवाल पाठवायची वेळ आली तेव्हा एक निराळाच प्रश्न निघाला. दोघींनी गोळ्या मिसळल्या होत्या, म्हणून नियमानं दोघी बाद. आणि बाद झालेल्यांचं काहीच धरायचं नाही, गुण नाही, त्रास नाही आणि मरणही नाही. डॉक्टरांनी दोन्ही नावांवर रेघ मारली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"सर, यादीतून त्या बाद झाल्या असतील," मी म्हणाले, "पण ती मेली आपल्या गोळीनं. ते कुठं लिहायचं?" त्यांच्यापुढे मी पहिल्यांदाच आवाज चढवला होता. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि सगळी हकिगत स्वतःच्या हातानं लिहिली. तिला गोळी चालू ठेवायला आपणच सांगितलं होतं, तेही लिहिलं. मी खाली साडेचार आणि साडेचार असं लिहून माझी सही केली. ते पत्र कुणी वाचलं की नाही, ठाऊक नाही. ती गोळी पुढे आमच्या बाजारात आलेली मी तरी बघितली नाही. ती आमच्या पत्रामुळे आली नाही, असं म्हणायचा मला हक्क नाही.

तेरावा होऊन गेल्यावर मी त्या गावी गेले. थोरली एकटीच ओट्यावर बसली होती, शेंगांचं सूप पुढ्यात घेऊन. शेंगा तशाच होत्या, वाटे घातलेले नव्हते. मी खाली बसले. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. तिला जे विचारायचं होतं तेच विचारलं.

"खरी गोळी कोन्ही बाटलीमा व्हती?"

पाण्याची कावीळ होती, असं सांगायचं मी येताना वाटभर घोकलं होतं. पण तिच्या तोंडावर ते सांगवेना.

"तुमच्या, अक्का."

तिनं डोळे मिटून घेतले. मला ते बघवलं नाही. मी म्हणाले, "अक्का, ते दोन अर्धे तुकडे मी दुसऱ्याच खेपेला बघितले होते. जुळवूनही बघितले. तेव्हाच बोलले असते तर गोळी तेव्हाच बंद झाली असती. मी पाच लिहिलं."

"तुले मालूम व्हतं?"

"हो."

मला वाटलं, ती मला हाकलून देईल. मी त्याची तयारी करूनच आले होते. थोरलीनं सुपातल्या शेंगांकडे बघितलं. मग मला म्हणाली, "मंग अर्धं तुन्हं, अर्धं मन्हं."

मी हो म्हणाले. तिनं सूप बाजूला सारलं, आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.