एक मशीन कानात, एक छातीत

मकबूलमियाँच्या छातीत डाव्या बाजूला मशीन बसवलं, आणि ते घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सलीमाबींनी स्वतःच्या कानातलं मशीन काढून ठेवायला सुरुवात केली. नवरा घरात असेपर्यंत ते डबीत, नवरा बाहेर पडला की कानात. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आता हे ऐकून कुणी म्हणेल, बाई वेडीच दिसते. मुळीच नव्हती. उलट गरजेपेक्षा जरा जास्तच शहाणी होती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मकबूलमियाँचं नाना पेठेत मोटर वाइंडिंगचं दुकान. पाण्याचा पंप जळाला, गिरणीची मोटर बसली, पंख्याने दम तोडला, की ते त्यातली काळी पडलेली तार उपसून नवी भरून द्यायचे. आयुष्यभर हेच केलं. माणूस कामाला चोख आणि तोंडाने अखंड सुरू. संध्याकाळी भवानी पेठेतल्या घरी आले, हातपाय धुतले, चहाचा कप हातात घेतला, की दिवसभराची हकिगत चालू. कोणत्या गिऱ्हाइकाने जुनीच मोटर नवी म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला, लोणी काळभोरच्या कुठल्या बागाईतदाराने पंप थेट बैलगाडीत घालून आणला. निम्मं खरं असायचं, निम्मं चहा संपेपर्यंत पुरवायला वाढवलेलं. सलीमाबी समोर बसून ब्लाउजची काजं-बटणं करत ऐकायच्या. अर्ध्या सदाशिव पेठेचे ब्लाउज त्यांच्याकडे शिवायला असायचे, त्यामुळे हाताला सवड नव्हती, पण कान मोकळे होते. “पुरे की आता,” असं त्या रोज म्हणायच्या आणि रोज ते खोटं असायचं.

चाळिशीनंतर त्यांना कमी ऐकू यायला लागलं. आधी त्यांनी कानाडोळा केला, मग लेकीला, नजमाला, ओरडून बोलावं लागू लागलं, तेव्हा मियाँनीच हाताला धरून त्यांना दवाखान्यात नेलं आणि कानामागे बसणारं मशीन घेऊन दिलं. पुढे ते पहिलं मशीन बिघडलं. दुसऱ्या कुणी ते फेकून दिलं असतं. मियाँनी ते भिंगाखाली उघडलं आणि आतली केसाहून बारीक तारेची गुंडाळी बायकोला दाखवली.

“बघ, तुझ्या कानात माझंच काम बसलंय,” ते म्हणाले होते. “जिथे तारेचं वेटोळं आणि त्यातून करंट, तिथे चुंबक. मोटर असो नाहीतर हे तुझं मशीन.”

नवऱ्याचं असलं बोलणं किती बायका लक्षात ठेवतात? सलीमाबींनी ठेवलं. त्यांना ते फार आवडलं होतं.

मग एक दिवस मियाँ दुकानात उभ्या उभ्या कोसळले. शुद्धीवर आले, पण नाडी इतकी सावकाश की डॉक्टरांनी लगेच पेसमेकर बसवायला सांगितलं. बसवलाही. घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले: मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही, चालू मोटरवर ओणवायचं नाही, वेल्डिंग तर विसरायचंच, आणि जोरदार चुंबक छातीपासून लांब. म्हणजे दुकानच लांब. मियाँनी दुकान भाच्याच्या, गुलजारच्या, हवाली केलं आणि घरी बसले.

सलीमाबींच्या डोक्यात मात्र एकच शब्द जाऊन बसला होता. चुंबक. दुसऱ्या दिवशी दुपारी मियाँ डुलकी घेत होते, तेव्हा त्यांनी कानातलं मशीन काढून मांडीवर ठेवलं आणि हातातली बारीक सुई त्याच्याजवळ नेली. सुई चिकटली. हलकीच, पण चिकटली. सलीमाबींनी झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. रोज संध्याकाळी आपण याच माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसतो, झोप येईपर्यंत बोलत असतो, आणि कानाला हे लावलेलं. त्यांनी मशीन डबीत घातलं आणि झाकण घट्ट लावलं.

त्यात भर घालायला मंदाकिनीबाई होत्याच. त्या सदाशिव पेठेतल्या जुन्या गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा घाट चालला होता. मियाँ बाहेर गेलेले असताना ब्लाउजचं माप देता देता त्या म्हणाल्या, “लहरींनी शरीरातल्या पेशींवर परिणाम होतो म्हणे. आमच्याकडे दोन पक्ष पडलेत. ज्यांच्या गच्चीचं भाडं येणार, ते म्हणतात काही होत नाही. ज्यांच्या डोक्यावर टॉवर येणार, ते म्हणतात सगळं होतं. वाचलेलं मात्र कुणीच काही नाही.” आणि जाता जाता, “तुमच्याकडे पेसमेकरवाला माणूस आहे, जरा जपा हो.”

झालं. सलीमाबी जपायला लागल्या.

नवऱ्याला सरळ सांगून का टाकलं नाही, असं तुम्ही विचाराल. कारण त्या आपल्या नवऱ्याला ओळखत होत्या. ज्याने उभं आयुष्य तारेत करंट आहे की नाही ते बोटाच्या मागच्या बाजूने पाहिलं, तो म्हणाला असता, “हट्, घाल ते कानात, काही होत नाही मला.” आणि त्या म्हणण्यावर विसंबून जीव धोक्यात घालायला सलीमाबी तयार नव्हत्या. ऐकू नाही आलं तर नाही आलं. माणूस समोर बसलेला दिसतो आहे, हे त्यांना पुष्कळ होतं.

सुरुवातीला जमलंही. मियाँ चहा घेत बोलायचे, त्या ओठांकडे बघून मान हलवायच्या. पण ओठांवरून किती कळणार? मियाँनी गंमत सांगितली तर त्या गंभीरपणे “हो ना” म्हणायच्या. त्यांनी दुखतं खुपतं सांगितलं तर हसायच्या. एकदा मियाँनी गुलजारने दुकानाची पाटी बदलली हे जड मनाने सांगितलं. बाई म्हणाल्या, “छान झालं.” मियाँनी कप खाली ठेवला.

त्यानंतर ते बोलेनासे झाले. भांडण नाही, राग नाही, फक्त गप्प. चहा प्यायचा, कप विसळायचा आणि खिडकीपाशी बसून राहायचं. सलीमाबी टाका घालता घालता वर बघायच्या, तर ओठ मिटलेले. पहिल्यांदा वाटलं, थकले असतील. मग वाटलं, दुकान गेलं त्याचं दुःख आहे. पण तसंच चालू राहिलं, आणि मग मात्र त्यांचा जीव कासावीस झाला. आवाज आपण आपल्या हाताने बंद केला होता, त्याचं त्यांनी मनाला समजावलं होतं. पण तो माणूस आतून बंद होईल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. स्वयंपाकघरात कांदा चिरताना त्या पोटभर रडून घ्यायच्या, म्हणजे कुणी कारण विचारायला नको. मशीन काढलं नाही तर तो जाईल, आणि काढलं तर असा जवळ असून जातोय. यातलं कोणतं निवडायचं, ते त्यांना सुचेना.

तपासणीची तारीख आली तेव्हा सलीमाबींनी मनाशी ठरवलं, की डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐकायचं. म्हणून मशीन कानात घातलं, वरून ओढणी घट्ट घेतली, आणि रिक्षात अगदी पलीकडच्या कडेला अंग चोरून बसल्या. मियाँनी ते पाहिलं.

पेसमेकर तपासणारी मुलगी हेमा. चटपटीत, हसरी. तिने मियाँना कॉटवर आडवं केलं, छातीवर तारेला जोडलेली एक चपटी चकती ठेवली आणि समोरच्या पडद्यावर रेघ धावायला लागली. सलीमाबी दारातच उभ्या.

“मावशी, आत या ना,” हेमा म्हणाली. सलीमाबी हलल्या नाहीत.

“तिला ऐकू नाही येत,” मियाँ छताकडे बघत म्हणाले. “कानाचं मशीन आहे, पण मी घरी बसल्यापासून घालत नाही. दुकान होतं तेव्हा रोज काहीतरी नवं सांगायला असायचं. आता माझ्याकडे आहे काय? रिकाम्या माणसाची बडबड कोण ऐकणार? तिचं काही चुकत नाही. मीच बंद केलं बोलणं, उगाच तिला मान हलवायचा त्रास.”

ओढणीखालच्या कानात शब्द न् शब्द पोचला. इतक्या दिवसांनी कानावर पडलेला त्यांचा आवाज, आणि तो हे बोलत होता. सलीमाबींना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“ऐकू येतंय मला,” त्या दारातून म्हणाल्या. “सगळं ऐकलं. कंटाळून नाही काढलं हो ते. तुमच्या छातीसाठी काढलं. त्यात चुंबक आहे. मी सुई लावून पाहिली.”

मियाँनी बायकोकडे मान वळवली. मग हळूच म्हणाले, “अगं, मला विचारायचं तरी.”

“तुम्ही म्हणाला असता, घाल.”

आणि ते खरंच तसंच म्हणाले असते.

हेमाने दोघांकडे पाहिलं आणि समजुतीने घेतलं. “चुंबक आहे त्यात, ते खरंच आहे मावशी. पण चुंबकाचा जोर थोडं अंतर पडलं की झपाट्याने कमी होतो. अगदी जोरदार चुंबक छातीवर टेकवलं, तर आतलं मशीन हृदयाचं ऐकायचं थांबवतं आणि ठरलेल्या तालावर ठोके देत सुटतं. चुंबक काढलं की परत ठीक. तुमचं तर केवढंसं आहे. ते काढून काकांच्या वरच्या खिशात ठेवू नका, एवढंच. कानात असताना खुशाल शेजारी बसा. आणि ही चकती बघितलीत? हीसुद्धा असल्याच लहरींनी आतल्या मशीनशी बोलते आहे.”

“पण त्या टॉवरच्या लहरी? पेशींवर परिणाम होतो म्हणतात.”

“त्यावर अभ्यास चालू आहेत. सगळं कळलंय असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण रोजच्या वापरातल्या लहरींनी नुकसान होतं, असं ठोस काही अजून हाती लागलेलं नाही. लहर किती जोराची, किती जवळ, किती वेळ, ते बघायचं असतं. मनाने नियम नाही करायचे.”

सलीमाबींचा तरीही विश्वास बसेना. जन्मभर मोटरवाल्याच्या घरात काढलेली बाई, तिला सांगून नाही, दाखवूनच पटणार. हेमाने ते ओळखलं. “या इकडे,” ती म्हणाली. “पडद्यावर बघा. जिथे बारीक उभी खूण दिसते, तो ठोका मशीनने दिलाय. काकांचं हृदय मंदावलं की ते मध्ये पडतं. खूण नसेल तर ठोका त्यांचा स्वतःचा. आता तुम्ही त्यांच्याजवळ बसा, आणि मी लक्ष ठेवते. काही वेडंवाकडं झालं तर मी आहे ना.”

सलीमाबी आल्या. कॉटच्या कडेला बसल्या, वाकल्या, आणि मशीनवाला कान नवऱ्याच्या तोंडाशी नेला. डोळे मात्र पडद्यावर खिळलेले. खूण, ठोका. खूण, ठोका. सगळं जागच्या जागी.

“पाटी बदलली म्हटल्यावर तू छान झालं म्हणालीस,” मियाँ अगदी हळू बोलले, “तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.”

“माफ करा,” त्या म्हणाल्या. “मला कळलंच नव्हतं.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी थेट मियाँच्या गळ्यावर पडलं. मियाँनी हात वर करून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

तेवढ्यात पडद्यावरच्या खुणा नाहीशा झाल्या आणि ठोके भराभर पडायला लागले. सलीमाबी दचकून मागे सरल्या. कानातलं मशीन उपसायला त्यांचा हात कानाकडे गेला. “बघा, बघा ते. बिघडलं ना? मी म्हणत होते.”

हेमाने त्यांचा हात धरून खाली घेतला.

“काही बिघडलेलं नाही मावशी. मशीनने काम थांबवलंय, कारण आत्ता त्याची गरज नाही. हे सगळे ठोके काकांचे स्वतःचे आहेत.”

मकबूलमियाँ तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. सलीमाबींनी ओढणीने डोळे पुसले, पुन्हा वाकून कान होता तिथे नेला, आणि म्हणाल्या, “बोला. गुलजारने पाटीवर काय लिहिलंय?”