चौथ्या दिवशीचा किडा

केंद्राच्या फळ्यावर ‘चुकीचा केक : बोदिल’ असं लिहिलेलं वाचलं आणि बोदिल क्रोगच्या अंगाचा तिळपापड झाला. अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातून एकही नमुना बिघडला नव्हता.

फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीकाठच्या त्या सागरी संशोधन केंद्रात रीतच होती, ज्याने घोळ घातला त्याने शुक्रवारच्या कॉफीला केक आणायचा. कुणी काचेची नळी फोडली, कुणी फ्रीजर उघडा टाकला; केक आला, हसणं झालं, विषय संपला. हा घोळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

बोदिल शिंपले काढणाऱ्या कोळ्याची मुलगी. केंद्रात आली ती काचसामान धुवायला. धुता धुता शिकली, आणि पुढे प्राण्याच्या शरीरातून डीएनए वेगळा काढण्यात तिचा हात धरणारा कुणी उरला नाही. तिने काढलेले डीएनए एकमेकांशी ताडून कोण कुणाचा भाऊबंद हे साहेबलोक ठरवायचे, आणि निबंधावर नावं त्यांचीच छापून यायची. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती सांगायची. साफ खोटं होतं ते.

तिचा एक नियम होता. चिखलातून काढलेला किडा गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात तीन आठवडे उपाशी ठेवायचा. पोट रिकामं झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, नाहीतर त्याने जे खाल्लं त्याचाच डीएनए हाती लागायचा. आणि बरणीतून किडा उचलला की वहीत दिवस आणि आपली आद्याक्षरं लिहायची.

नवा प्रमुख आस्गर लिंडहोल्ट याला परिषदेची घाई झाली होती. मे महिन्यात बोदिल नातीच्या कन्फर्मेशनला, म्हणजे चर्चमधल्या दीक्षाविधीला, दोन दिवस गेली, तेवढ्यात या शहाण्याने चौथ्याच दिवशी किडा उचलला. निष्कर्ष निघाला, हा किडा म्हणजे शिंपल्यांचा हरवलेला भाऊ. वर्तमानपत्रात आस्गरचा फोटो आला. शरद ऋतूत दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेने कळवलं, शिंपले याच्या पोटात आहेत, गोतात नाहीत.

मग ज्या मासिकात त्याचा निबंध छापला होता, त्यासाठी आस्गरने खुलासा लिहिला. चूक ‘तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे’ झाली होती म्हणे. पत्र सोमवारी जायचं होतं.

“मनावर घेऊ नकोस, बोदिल,” तो तिच्या दारात उभा राहून म्हणाला. “तू दोन वर्षांनी निवृत्त होशील. माझं सगळं अजून व्हायचंय. आणि तुझं नाव कुठे घातलंय मी?”

“इथे तंत्रज्ञ किती आहेत, आस्गर?”

तो घड्याळ बघत निघून गेला. इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, पण चूक कुणाच्या गळ्यात मारायची हे ठरताना वरचा-खालचा बरोबर आठवतो.

शुक्रवारी बोदिल कॉफीला आली ती काखेत वही घेऊन.

“केक कुठाय?” केंद्राच्या बोटीवरच्या म्हाताऱ्या पौलने विचारलं.

“ज्याने आणायचा त्याला विचार.” तिने वही मेजावर उघडली. ‘किडा, दिवस चौथा, आ. लिं.’ अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. “माझा बाप कॉड माशाचं पोट फाडायचा, आत खेकडा निघायचा. कॉड खेकड्याचा भाऊ आहे असं तो कधी बोलला नाही. आणि सातवीत शाळा सोडलेला माणूस तो.”

आस्गर लाल झाला, उठला, सायकलवरून बेकरीत जाऊन केक घेऊन आला. “घे, मिटलं,” म्हणत त्याने हसून सुरी तिच्यापुढे धरली.

“केक यांना दे. मला पत्र हवंय.”

“सोमवारी बघतो.”

“सोमवारी ते जाईल. मी बसलेय इथे.”

ती बसून राहिली. कॉफी निवली. पौलने आपली रिकामी बशी उपडी घातली, तेव्हा बाकीच्यांचेही पुढे आलेले हात मागे गेले. शेवटी आस्गरने कॉम्प्युटर आणला, बराच वेळ टाइप केलं.

“मोठ्याने वाच,” बोदिल म्हणाली.

“‘आमच्या तंत्रज्ञ बोदिल क्रोग यांचा तीन आठवड्यांचा नियम मी पाळला नाही. चूक माझी आहे.’”

“पाठव.”

त्याने पाठवलं. अठ्ठावीस वर्षांत बोदिलचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं, आणि तेही दुसऱ्याने केलेल्या चुकीच्या खुलाशात. तिने वही मिटली आणि बशी पुढे केली.