ओली तुरटी

माझ्या डोक्यावर पुढे दिसणारे केस मूळचे मागचे आहेत. नागपूरच्या एका दवाखान्यात अर्धा दिवस पालथा पडून ते काढून घेतले आणि उरलेला अर्धा दिवस उताणा पडून पुढे लावून घेतले. पूर्वी हे कुणाला सांगत नव्हतो. बाबा गेल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगतो.

आमच्या घरचा धंदा केस कापण्याचा. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पुढे आमचं गाव. बाबा मोहाच्या झाडाखाली पोतं अंथरून बसायचे. वर्षभर गावाची डोकी करायची आणि धान निघालं की खळ्यावरून आपला वाटा आणायचा, अशी रीत होती. कात्री लावण्याआधी बाबा डोकं ओलं करत आणि मानेपासून कपाळापर्यंत चार बोटं सावकाश फिरवत. डोळे तेव्हा रस्त्याकडे असायचे. कुठे गळू आहे, कुठे जुनी खोक आहे, भोवरा कुणीकडे वळतो, हे सगळं बोटांना कळायचं. तेवढा वेळ बोलका माणूसही गप्प बसे. माझे तर डोळेच मिटत.

नव्व्याण्णव साली मी गोंदियाला कॉलेजात गेलो. घरातला पहिलाच. त्याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. पण वर्गातल्या एकानं विचारलं, "बाल किससे कटाया बे?" आणि मी विषय बदलला. पहिल्या सुट्टीत गावी आलो तो सलूनमध्ये मशीन मारून. बाबांनी एकदा बघितलं. "डावा कल्ला खाली उतरला," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला पोत्यावर बसायला बोलावलं नाही, आणि मीही आपण होऊन बसलो नाही. भांडण असं काही झालं नाही. नुसती दहा-बारा वर्षं गेली.

तिशीतच माझं कपाळ मागे सरकायला लागलं. तोवर मी गोंदियात ज्युनिअर कॉलेजवर शिकवत होतो. गावच्या पानठेल्यावर एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "बाप साऱ्या गावाचे केस कापून रायला, अन् पोराच्या डोक्यावर कापाले केस नाई." लोक हसले, मीही हसलो. त्या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जाऊन केस लावून घेतले. बाबांना सांगितलं, ट्रेनिंग आहे.

लावलेले केस महिनाभरात गळून जातात आणि मग नवे उगवतात, हे डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. ते गळाले. जानेवारी लागला आणि डोक्यावर पुटकुळ्या यायला लागल्या. आधी दोन-चार, मग कपाळाच्या वर ओळीनं. काही लाल, काही पांढऱ्या तोंडाच्या. थंडी होती, लोकरीची टोपी घालून फिरलं तरी कुणी विचारत नव्हतं. टोपीखाली घाम यायचा, खाज सुटायची, पुटकुळ्या वाढायच्या.

त्याच दिवसांत माय तिच्या भावाकडे लग्नाला गेली. बाबा घरी एकटे, म्हणून मी आठ दिवसांची रजा टाकून गावी गेलो. बाबांनी धंदा सोडून दोन वर्षं झाली होती. हात कापायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. धोकटी मात्र खुंटीला तशीच होती. वस्तरा, कात्री, कंगवा आणि चामड्याच्या लहान खिशात तुरटी.

पहिल्याच दिवशी दुपारी बाबा बाहेर गेलेले पाहून मी आरशापुढे दोन पुटकुळ्या नखानं फोडल्या आणि धोकटीतली तुरटी ओली करून वर घासली. लहानपणी कुठेही कापलं, खरचटलं की बाबा तुरटी फिरवत आणि रक्त थांबे. एमए झालेल्या माणसाला त्या क्षणी दुसरं औषध सुचलं नाही. खरं सांगायचं तर औषधापेक्षा मला तो वास हवा होता. आग आग झाली. संध्याकाळपर्यंत तिथे सुपारीएवढी सूज आली.

सकाळी बाबा धोकटी मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "तुरटी ओली हाये. दाढी त तू केली नाई. मंग लावली कुठं?"

माझा हात टोपीकडे गेला.

"टोपी काढ."

काढली. त्यांनी पुढून पाहिलं, मग उठून मागून पाहिलं. बाहेर बांध्यांमध्ये उन्हाळी धानाच्या रोपांची रोवणी चालू होती, बायांचा आवाज घरापर्यंत येत होता. बाबांनी तिकडे मान वळवली आणि पुन्हा माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"रोवणा केला काय?"

"हो. नागपूरला."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही हसले असते."

"हसलोच असतो. मंग? बाप हसला त काय झालं?"

डॉक्टरांनी काही सांगितलं का, असं त्यांनी विचारलं. मी बॅगेतून छापील कागद काढला. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवला. पुटकुळ्या येऊ शकतात. फोडू नये, खाजवू नये. कोमट पाण्याचं स्वच्छ फडकं ठेवावं. वाढल्या, पू झाला तर लगेच कळवावं.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "एवढा शिकला, अन् कागद मले वाचून दाखवून रायला. सोता कवा वाचशील?"

मी त्यांच्यासमोरच नागपूरला फोन लावला. डॉक्टर हिंदीत रागावले, टोपी बंद करायला सांगितली, मलम आणि गोळ्यांची नावं दिली. ती औषधं मी तालुक्याच्या अर्जुनीवरून आणली. बाबांनी तुरटी पुसून, वाळवून तिच्या खिशात ठेवली. म्हणाले, "हे वस्तऱ्याच्या घावाले असते, बाबू. तुयं आतून येऊन रायलं. त्याले येऊ द्याचं."

संध्याकाळी त्यांनी चुलीवर पाणी तापवलं. पांढऱ्या धोतराचा तुकडा उकळून घेतला. अंगणात पोतं अंथरलं. मी बसलो. ते मागे उभे राहिले. मग विचारलं, "हात लावू काय?"

पंचावन्न वर्षं ज्या माणसानं गावातलं एकही डोकं विचारून धरलं नव्हतं, त्यानं माझं डोकं धरायला परवानगी मागितली. मी मान हलवली.

त्यांनी हात साबणानं धुतले. मग चार बोटं मानेवर टेकली आणि हळूहळू वर आली. पुटकुळ्या आल्या तिथे बोटं बाजूनं गेली, एकीलाही धक्का न लावता. चहाच्या कपावर थरथरणारा हात डोक्यावर थरथरत नव्हता. ते कसं, हे मला माहीत नाही. मी त्यांना विचारलंही नाही. डोळे मिटले होते.

मग रोज सकाळ-संध्याकाळ तेच. पाणी, फडकं, बोटं, वरून मलम. सूज तिसऱ्या दिवशी उतरली. पुटकुळ्या एकेक करून वाळल्या. काहींच्या जागी बारीक काळं टोक दिसायला लागलं, तर बाबा धानाच्या रोपांबद्दल बोलावं तसं म्हणाले, पऱ्हे धरले.

पुढे केस चांगले आले. कापण्याजोगे झाले तोवर बाबांनी अंथरूण धरलं होतं. आता गोंदियाच्या सलूनमध्ये बसतो. पोरगं चांगलं आहे, विचारतं, "सर, साइड से कितना?" आणि थेट मशीन लावतं. मशीन लागायच्या आधी मी दरवेळी क्षणभर थांबून राहतो. पोराला वाटतं, मी विचार करतोय.

त्या रजेच्या आठव्या दिवशी मला निघायचं होतं. दुपारची गाडी होती. सकाळी अंगणात ऊन आलं होतं. डोकं पूर्ण बरं झालं होतं, ते मला रात्रीच हात फिरवून कळलं होतं. तरी मी पोत्यावर जाऊन बसलो.

"मागं एक आहे, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी कानामागून सुरुवात केली. पूर्ण डोकं पाहिलं, एकदा, मग परत एकदा.

"नाई हाये."

"नीट पाहा ना."

मग फडकं पिळल्याचा आवाज आला, आणि कोमट पाण्याचे दोन थेंब माझ्या मानेवर पडले.