कुईमोईची बांधणी

छाम तेत्सोयला मियाओली जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरउतारावर त्याच्या नावानं कुणी ओळखत नसे. 'कुईमोईचा नवरा' म्हटलं की घर सापडायचं. कुईमोई कलमं बांधायची. आमच्याकडे दर हिवाळ्यात गावठी नासपतीच्या उंच फांद्यांवर जपानातून आलेल्या काड्या बांधाव्या लागतात, तेव्हा कुठे गोड फळ धरतं. तिनं बांधलेल्या शंभर काड्यांतल्या दोन सुकल्या तरी गावात बोलणं व्हायचं. तेत्सोय खाली शिडी धरायचा, कलम बांधायच्या पट्ट्या कापून वर द्यायचा. बस्स. चाळीस वर्षं. "तेत्सोय, तुझी झाडं तरी तुला वळखत्यात का?" असं लोक चिडवायचे, आणि तो हसायचा.

यंदा तिनं आपल्या बागेतली शेवटची काडी बांधली आणि दहाव्या दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या गेली. क्रियाकर्म उरकून महिना होतोय तोच नववर्षाच्या तोंडावर हाडं फोडणारी थंडी पडली. सगळ्यांच्याच काड्या करपल्या. सरकारनं तातडीची मदत जाहीर केली. मी त्याचा शेजारी, गावाचे अर्ज भरून देणारा. पण तो अर्जाला तयारच होईना. मदत घेतली की मेलेल्या काड्या उतरवून नव्या बांधायच्या, आणि मेलेल्या तर तिच्या हातच्या. शेवटी मीच मागं लागून अंगठा घेतला.

पाहणीला कचेरीतली वू बाई आली. साधी पोरगी, थंडीनं नाक लाल झालेलं. दोन ओळी फिरली आणि थबकली.

"काका, इतरांचं निम्मं गेलंय. तुमची एकही काडी जगली नाही." कागद चाळत ती अवघडून म्हणाली, "थंडीनं गेलं तर मदत आहे. बांधणीच कच्ची असेल तर नाही. बांधलं कुणी होतं?"

मी सांगायला लागलो, की ही बाग ओढ्याच्या खोलगटात, थंडी इथं साचते. तेत्सोयनं हातानंच मला गप्प केलं. कुईमोई गेल्यापासून त्यानं बागेत पाय टाकला नव्हता. आता स्वतः शिडी आणली, फांदीला लावली आणि मला म्हणाला, "धर." त्याला शिडीवर चढताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानं सुरी लावली नाही. नखानं पट्टीचं टोक उचललं आणि एकेक वेढा उलगडला. काडी काळी ठिक्कर. पण तिच्या बुडाशी, गावठी फांदीला चिकटून, पांढुरका मऊ कंगोरा भरून आला होता.

"बघ पोरी, सांधा धरलाय. काडी जित्ती झालती, मग मेली. थंडीनं गेली म्हणून लिही. हात चुकला म्हणून लिहू नगं."

नियमाप्रमाणे तिनं आणखी चार सोडायला लावल्या. चारीही तशाच.

"काय लिवलंस ते वाच."

"कारण, थंडी," तिनं वाचलं.

वू बाई गेल्यावर मी शिडी काढायला लागलो, तर तो म्हणाला, थांब. परत चढला, आणि सोडलेली पट्टी मेलेल्या काडीभोवती गुंडाळायला लागला. वेढे सैल पडत होते, घसरत होते.

"तिची गाठ कशी असायची रं?" त्यानं वरून विचारलं. "सोडताना बघायचं ऱ्हाऊन गेलं."

मला काय ठाऊक. मी शिडी धरून खाली उभा होतो.