जहाजावरचा बुधवार

आरमाराच्या इतिहासकाराला भेटायला किनारा सोडून पार लखनौ गाठावं लागेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण वॉल्टर पेंडल या इंग्रज गृहस्थांची बायको मराठी. ती गेल्यावर ते तिच्या भाचीकडे, सुनीताकडे, लखनौला राहायला आले. सुनीताचा नवरा तिथे बँकेत आहे.

पेंडलांच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद मी करत होतो. आमच्या मुरूडकडच्या किनाऱ्यावर इंग्रजांशी झालेल्या एका जुन्या लढाईबद्दल त्यात एकच वाक्य आहे: कोकणी गलबताचा तांडेल (नाखवा) लढाईच्या आदल्या संध्याकाळी पळून गेला. हा तांडेल म्हणजे सोमा, आमचा पूर्वज. मी मूर्खासारखं ते वाक्य वडिलांना वाचून दाखवलं. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. त्या गलबताबद्दल तिथल्या किल्ल्यावर लिहिलेल्या मोडी कागदाची नक्कल आमच्या घरात आहे. ती पिशवीत घातली आणि निघालो.

गाडी चारबागला पोचली पाच तास उशिरा. मेट्रोने आलमबाग आणि तिथून रिक्षाने वृंदावन योजना नावाची वसाहत. सेक्टर सापडला, घर सापडेना. नंबर कुठल्या शहाण्याने टाकलेत देव जाणे! एकाच पाण्याच्या टाकीला तीन प्रदक्षिणा झाल्यावर रिक्षावाला म्हणाला, "भाईसाहब, ठीक से पूछ के आना चाहिए था." मी ठीक पूछूनच आलो होतो.

सुनीताने दार उघडलं. "अच्छा, तुम्ही आलात! पण दादा, काका ना दुपारनंतर कुणालाच भेटत नाहीत. कल सुबह या, हाँ? सब्जी-पोळी खाऊन जा."

मी तडक हजरतगंजच्या लॉजवर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खस्ता (डाळीचं सारण भरलेली खुसखुशीत कचोरी) खाल्ला. चव झकास होती, हे कबूल करायलाही जिवावर येत होतं.

मग पेंडल भेटले. नव्वदीचे, ताठ, पायात लोकरी मोजे. खोलीभर चपलांचे खोके आणि खोक्यांत कार्डं. एका कार्डावर एकच गोष्ट, खाली ती कुठे वाचली त्याची नोंद. आयुष्यभर त्यांनी असंच काम केलं. कार्डावर नसलेलं वाक्य लिहायचं नाही.

मी मोडी कागद पुढे केला. बायकोकडून शिकलेल्या मराठीत ते म्हणाले, "कार्ड शोधू."

"अहो, कागद समोर आहे ना!"

"कागद तुमचा. वाक्य माझं. ते माझ्या कार्डावरून आलं."

खोक्यांना मला हात लावू देईनात. दोन तास एकट्यानेच ते उलथेपालथे केले. माझा चहा गार झाला, डोकं तापलं. शेवटी इंग्रज जहाजाच्या रोजनिशीवरून उतरवलेलं कार्ड निघालं: लढाई, बुधवार दुपार. त्याला जोडून किल्ल्याच्या दप्तरातून घेतलेलं दुसरं कार्ड: कोकणी गलबत मंगळवारी संध्याकाळी निघालं. सोमाच्या गलबताबद्दल माझा कागदही तेच सांगत होता.

"म्हणजे पळाला," पेंडल शांतपणे म्हणाले.

माझा संयम संपला. "पुढचं ऐका तरी! शीड फाटलेलं, तीन माणसं गोळ्यांनी जखमी. लढाईच्या आदल्या दिवशी गोळ्या कुणी घातल्या? डासांनी?"

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं. त्यांचा चेहरा उतरला.

"त्या काळी आमच्या जहाजांवर दिवस मध्यरात्री नाही, दुपारी बाराला बदलायचा," ते हळू म्हणाले. "मंगळवारचे बारा वाजले की बुधवार. त्यांची बुधवार दुपार म्हणजे तुमची मंगळवार दुपार. विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच तासाला सांगायचो. आणि इथे मीच विसरलो."

म्हणजे सोमा लढला होता. लढून, जखमी माणसं घेऊन संध्याकाळी निघाला होता.

"खोडतो ते वाक्य," मी म्हणालो.

"नाही. वाक्य राहील. खाली माझी चूक लिहा, माझ्या नावाने."

पुन्हा तिडीक आली. दोन दिवस वणवण करून बदनामी छापायचीच? मी तासभर वाद घातला. म्हातारा हलला नाही. खोडलेली चूक पुढचा कुणीतरी पुन्हा करतो, एवढंच म्हणत राहिला. मग कोरं कार्ड घेऊन विचारलं, "नाव काय त्या तांडेलाचं?" एवढं मोठं पुस्तक लिहिलं, पण हे नाव त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत धुसफुसतच ती टीप मराठीत उतरवली. लिहिता लिहिता कळलं, की मी वाक्य नुसतं खोडलं असतं तर सोमा पुस्तकातून नाहीसाच झाला असता.

घरी पोचल्यावर पान वडिलांपुढे ठेवलं. त्यांनी वरचं वाक्य वाचलं, खालची टीप बोट ठेवून दोनदा वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.