पाटीखालचा चेहरा

"तिकाच बसवा. पाटी बरी दिसतली तिच्या माथ्यार."

सरांच्या बायको, आमच्या वहिनी, स्वयंपाकघरात त्यांना सांगत होत्या. दार उघडं होतं. मी बाहेर टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होते.

डिचोलीला सरांच्या घरी तैलरंगांचा क्लास चाले. शिकायला येणाऱ्याने आधी सरांच्या पोर्ट्रेटची नक्कल करायची. तरुणपणी आरशात बघून काढलेलं ते चित्र हॉलमध्ये टांगलेलं. हातात ब्रश, नजर सरळ समोर. नक्कल पटली की सर आतून आरसा आणून स्टँडवर लावत. मग स्वतःचा चेहरा काढायचा.

माझी नक्कल वर्षभर चालली. पाळी गावाहून बसने यायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, बोलायचं नाही. आधी पातळ तपकिरी रंग, मग सावल्या, उजेड शेवटी, जाड. सरांचं नाक आलं, ओठ आले. डोळे येईनात. "डोळे चुकले की माणूस मेला," सर म्हणायचे. मी पुसत राहिले. एक दिवस आले. सरांनी दोन्ही चित्रं ताडून बघितली. मग म्हणाले, "जमलं गो तुला." माझं चित्र त्यांनी स्वतः आपल्या चित्राशेजारी टांगलं.

त्या रविवारी मी आरशासाठी आले होते. केस नीट विंचरून.

सरांनी परसातली पाटी आणली. शेणखताची. वहिनींनी मोलकरणीचं जुनं लुगडं पुढे केलं. "जीन्सार पाटी शोभना गो."

"आज सगळ्यांना मजूर बाई काढायचीय," सर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या चेहऱ्यात खाणीवरचे कष्ट आहेत."

माझ्या चेहऱ्यात! बाबा सावंतवाडीकडून आले, त्यांनी खनिजाचे ट्रक चालवले. आईने खाणीवर पाट्या उचलल्या. मी उचलू नये म्हणून. मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं तेही त्याचसाठी. मी जन्मात पाटी उचलली नव्हती. वर्षभर सरांसमोर मी ब्रश धरला, आणि त्यांना दिसली ती पाटीच.

तरी मी बसले. जीन्सवरच लुगडं गुंडाळून, पाटी डोक्यावर घेऊन स्टुलावर बसले. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. माझं उघडत नव्हतं. पाटीला वास येत होता. ज्यांची नक्कल अजून अर्धवट होती, तेही मला बघून कोळशाने रेघा ओढत होते.

"इंग्लिश मीडियमची मजूर," कुणीतरी हळूच म्हणालं. बाकीचे हसले. सरही हसले.

मान अवघडली म्हणून वर केली. समोर भिंतीवर दोन चित्रं. सरांनी काढलेले सर, आणि मी काढलेले सर. दोघंही सरळ माझ्याकडे बघत होते. ती नजर मी वर्षभर घोटली होती.

"मान खाली घाल मगे," पुढे बसलेली डॉक्टरांची मुलगी वैतागली. "वर बघितलंस की तू मजूर दिसत नाहीस."

तिचं खरं होतं.

मी पाटी उतरवून जमिनीवर ठेवली. लुगडं सोडून वहिनींच्या हातात दिलं.

"अगं, सावल्या व्हायच्यायत अजून," सर म्हणाले.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"मी बसणार नाही, सर. आरसा आणा. माझं तोंड मी काढणार."