आईच्या पुड्या आणि माझं सायन्स

बावीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते आहे, आणि माझी आई माझ्या आडमुठेपणामुळे गेली. हे मी नातेवाइकांत बोलले की सगळे अंगावर येतात. असं काय बोलतेस, वय झालं होतं त्यांचं. सदुसष्ट हे काय जायचं वय आहे का? मी आता वाद घालत नाही. इथे मात्र काय घडलं ते नीट सांगणार आहे.

घाटकोपर पूर्वेला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली, तेव्हापासून आम्ही दोघीच. ती बालवाडीत मदतनीस होती. आयुष्यभर पोरांसोबत जमिनीवर बसली-उठली आणि गुडघ्यांची वाट लागली. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले, ती नाही म्हणाली. वर्षभर ती जिन्यात प्रत्येक वळणावर थांबायची, आणि मी खांद्याची पर्स सावरत वरून म्हणायचे, चल ना गं आई, लेक्चर आहे मला.

मग अचानक ती बरी झाली. जिना एका दमात चढायला लागली, विहारात वंदनेला पुढे जाऊन मांडी घालून बसायला लागली. भूक वाढली, चेहरा गोल झाला, गाल वर आले. मी तिला चिडवायचे, आई, तू तर एकदम हिरॉइन दिसायला लागलीस. ती लाजायची. खरं सांगते, मला आनंदापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं होतं. दीड वर्ष मी एकदाही विचारलं नाही की बाई, हे कशाने झालं.

एका रविवारी तांदळाच्या डब्यात हात घातला तर खाली पुड्या लागल्या. वहीच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड. मुलुंडला कुणी एक माणूस बसायचा, नावापुढे वैद्य लावायचा. शेजारच्या काकू स्वतःसाठी आणायच्या, आईसाठीही आणायच्या. रोज सकाळी एक, गरम पाण्यातून.

"लपवून खातेस?" मी म्हटलं.

"तुला सांगितलं असतं तर खाऊ दिली असतीस का?"

"यात काय आहे ते माहीत आहे तुला?"

"जडीबुटी आहे. मला बरं वाटतंय ना, मग झालं."

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकवली जाते. धम्म घेतला त्या दिवशी आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत भरले आणि नदीत सोडले. आजी म्हणाली, एखादा तरी राहू द्या. आजोबा म्हणाले, सोडायचं तर एकदम सोडायचं. या गोष्टीवर आम्ही वाढलो. अंगारे नाहीत, गंडेदोरे नाहीत, जे तपासता येत नाही ते घरात नाही. आणि सायन्सच्या टीचरची आई कागदातली पूड घेते. मी सगळ्या पुड्या मोरीत रिकाम्या केल्या, वरून बादलीभर पाणी ओतलं. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बरं."

मला त्या दिवशी आजोबांची नात असल्याचा केवढा अभिमान वाटला, ते आठवलं की आज जिवाचा संताप होतो.

चौथ्या दिवशी ती उठेना. अंग दुखतंय, तोंडाला चव नाही. मी म्हटलं, सवय सुटताना होतं असं. पाचव्या दिवशी तिने भाताचे दोन घास उलटून टाकले. माझा हात धरून म्हणाली, "एक पुडी आणून दे गं. एकच." मी नाही म्हटलं. वर लेक्चरही दिलं, की बघ, तुला व्यसनच लावलं होतं त्याने. फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. कुठलं औषध चालू आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. लाज वाटली मला, दुसरं कारण नाही. त्यांनी पोट बिघडल्याचं औषध दिलं.

त्याच आठवड्यात मी बारावीला हॉर्मोन्स शिकवत होते. दर वर्षीसारखंच शिकवलं. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. तिच्यापाशी असतात रिसेप्टर, रेणूचा आकार ओळखणाऱ्या जागा. आकार जुळला की तिला हुकूम मिळाला. हुकूम कुणी पाठवला ते तिला कळत नाही आणि ती विचारतही नाही. मूत्रपिंडाच्या डोक्यावर अॅड्रिनल ग्रंथी बसलेली असते, ती शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवते. बनव असा निरोप तिला मेंदूकडून येतो. रक्तात पुरेसं स्टिरॉइड दिसलं की मेंदू निरोप थांबवतो. एका मुलीने विचारलं, मॅडम, बाहेरून गोळ्या घेतल्या तर? मी म्हटलं, मग मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो निरोपच पाठवत नाही. ग्रंथी आकसते. गोळ्या एकदम बंद केल्या तर तिला जागं व्हायला महिने लागतात, तोवर शरीर उघड्यावर पडतं, म्हणून डोस हळूहळू उतरवतात. परीक्षेला येतं हे, लिहून घ्या, असंही म्हटलं. पोरींनी लिहून घेतलं. मी डस्टर झटकलं आणि स्टाफरूममध्ये चहा प्यायला गेले.

आठव्या दिवशी सकाळी आई न्हाणीघराच्या दारात कोसळली. रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. प्रेशर लागत नव्हतं, साखर खाली गेली होती, अंगात ताप होता. दोन सलाईन चढल्या तरी प्रेशर वर येईना. तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, काही औषधं चालू होती? कुठलंही, अगदी आयुर्वेदिकसुद्धा? मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांना मी माझं कॉलेज आणि विषय आधीच सांगून बसले होते ना, आता पुड्यांचं कसं सांगणार.

तासाभराने त्या परत आल्या. आईच्या हातावरची पातळ झालेली कातडी आणि काळेनिळे डाग त्यांनी बघितले. मग म्हणाल्या, "यांचा चेहरा आधीपासून असाच गोल आहे का?"

मी आईकडे बघितलं. तो चेहरा मी दर वर्षी पोरांना पुस्तकात दाखवते. स्टिरॉइड जास्त झालेल्या पेशंटचा फोटो, पानाच्या उजव्या बाजूला. दीड वर्ष तोच चेहरा माझ्यासमोर बसून जेवत होता आणि मी त्याला हिरॉइन म्हणत होते.

मी सगळं सांगितलं. त्या धावत गेल्या आणि इंजेक्शन घेऊन आल्या. त्यातलं स्टिरॉइड आईच्या पेशींना पोचलं असेल, कारण संध्याकाळी तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पाणी मागितलं. पण ताप छातीत उतरला होता आणि अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तो एक तास माझा आहे. त्याआधीचे आठ दिवसही माझेच आहेत. तो मुलुंडचा माणूस हरामखोर आहे, जडीबुटी म्हणून स्टिरॉइड विकायचा, त्याची तक्रार मी केली आहे, पण तो माझ्या घरात येऊन बसला नव्हता. एक पुडी दिली असती तरी ती त्या आठवड्यात मेली नसती. भोंदूच्या हातची ती पूड थोडी थोडी कमी करत, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवायला हवी होती. हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी ते शिकवत होते.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकूंकडे गेले. म्हटलं, काकू, तुमच्या पुड्या टाकू नका. एकदम बंद करू नका, उद्या माझ्यासोबत डॉक्टरांकडे चला, ते सांगतील तशा उतरवा. एवढं बोलायला मला फार जोर लागला. काकू रडायला लागल्या. पदराने नाक पुसून म्हणाल्या, "तुझी आई पडली ना, त्याच्या आदल्या दिवशी मी डोकावले होते. तू कॉलेजात होतीस. बघवत नव्हतं गं तिच्याकडे. मी माझ्यातली एक पुडी आणली, पाण्यात कालवून तोंडाशी नेली."

"मग?"

"तोंड फिरवलं तिने. म्हणाली, नको, पोरीने नाही म्हटलंय. तिला त्यातलं कळतं."